प्रलय झाला, दुकान कोण उघडणार? सांगलीतल्या वाचनगटाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

गट सुरू झाला. जागा गणपती पेठेत, मित्राच्या होलसेल दुकानावरचा माळा. वाचायचं काय ते एका ओळीत ठरलं: विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि दुसऱ्या भाषांतून अनुवादात आलेल्या कादंबऱ्या. नोंदी ठेवतोय कारण तासगाव आणि विट्याच्या ओळखीच्या मंडळींना असाच गट काढायचाय. पुस्तकांच्या याद्या त्यांना कुठंही मिळतील. काय अडलं, किती पैसे गेले आणि कुठलं पुस्तक माणसांनी खरंच शेवटपर्यंत नेलं, हे त्यांना हवंय.

माणसं अशी: हळदीचे एक आडते काका, मिरजेच्या हॉस्पिटलातल्या सिस्टर, जतचे निवृत्त गुरुजी (घरी कन्नड, शाळेत मराठी), इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा पोरगा, दुकानमालक मित्र आणि मी. वर्गणी महिना दोनशे रुपये. चहा दुकानाचा.

विज्ञानकथाकार जयंत नारळीकर २० मे रोजी गेले, त्यामुळे पहिलं वाचन त्यांचंच. कोल्हापुरात जन्मलेला माणूस, इकडे त्यांच्याबद्दल जिव्हाळा जास्त. गुरुजींनी आठवण काढली की १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या नावाकडं बघून बक्षीस मिळायला नको, म्हणून. बक्षीस मिळालं.

आम्ही 'गंगाधरपंतांचे पानिपत' मोठ्यानं वाचली. विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून जाते, मराठे पानिपत जिंकतात आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या वेगळ्याच जगात जाऊन पडतात. तिथल्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून कारभार करतेय. पंत ग्रंथालय गाठून बखरीची पानं उलटत बसतात. मला ही कथा आवडते ती याच ग्रंथालयासाठी. जग उलटंपालटं झालंय आणि हा माणूस संदर्भ तपासतोय.

वाचन संपल्यावर काका म्हणाले, "पानिपत जिंकलं, चांगलं झालं. पण मग आमच्या बाजारात नाणं कुणाचं चाललं असतं?" गुरुजींनी त्यात भर घातली: मग साताऱ्याचं राज्य १८४८ ला डलहौसीनं खालसा केलं असतं का? मिरजेपासून सांगली १८०१ मध्ये वेगळी झाली, ती झाली असती का? अंधार पडेपर्यंत हेच चाललं. पंधरा पानांची कथा आणि तिच्यातून सातारची गादी, सांगली-मिरजेचे संस्थानिक पटवर्धन, बाजारपेठ असं सगळं निघालं. काकांचा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. पुढच्या पुस्तकांना तोच लावून बघायचा: लेखकानं जगात एक मोठा बदल केला, ठीक, त्यानं माणसाच्या रोजच्या धंद्या-पोटाचं काय झालं?

२२ जून

पुस्तकं मिळवण्यात महिना जातोय. सांगलीच्या दुकानांत इंग्रजी पुस्तकं मिळतात ती स्पर्धापरीक्षेची, यशस्वी कसं व्हावं याची आणि दोन-चार गाजलेल्या लेखकांची. पोलिश किंवा चेक कादंबरीचा इंग्रजी अनुवाद मागितला तर मागवून देतो म्हणतात, पण आगाऊ पैसे आणि तीन आठवडे. ऑनलाइन नवी प्रत साधारण चारशे ते सहाशेला पडते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी प्रत दीडशे-दोनशेला मिळते, फक्त तिथं जाऊन शोधायला कुणीतरी हवं. पोराचा चुलतभाऊ पुण्यात आहे, ते काम त्याच्याकडं दिलं.

एक पार्सल चिंब भिजून आलं. वरचं प्लॅस्टिक फाटलेलं, आतली 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' फुगलेली. २०१९ च्या पुरानंतर या गावात पुस्तक वाळवता न येणारा माणूस विरळा. मित्रानं ताबा घेतला. उन्हात ठेवू दिलं नाही, उन्हानं पानं वाकडी होतात आणि पिवळी पडतात. पुस्तक मिटलेलं असतानाच दोन टॉवेलांत दाबून पाणी काढलं. मग दर पंधरा-वीस पानांनंतर एक कोरा जाड कागद. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पंख्याखाली पंख्यासारखंच उघडून उभं केलं, कागद दर दोन तासांनी बदलले. पूर्ण वाळायच्या थोडं आधी मिटून वर वजनमापांची पेटी ठेवली. तीन दिवसांत वाचण्याजोगं झालं. कव्हरचा गुळगुळीत कागद मात्र गेला. गुळगुळीत कागद ओला असताना एकमेकांना चिकटला की सुटत नाही, फाटतोच. चित्रांची पुस्तकं पावसाळ्यात मागवू नका.

१३ जुलै

मागच्या रविवारी आषाढी एकादशी होती, म्हणून बैठक आज. 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' गटात चाललं नाही. पूर्ण वाचून आला एकटा पोरगा. सिस्टर शंभरेक पानांवर, काकांनी पहिलं प्रकरण मुलीकडून ऐकलेलं, मित्रानं उघडलंही नव्हतं.

का अडलं ते लिहितो. चिनी लेखक लिऊ त्सशिन यांची ही कादंबरी २००६ मध्ये मासिकातून क्रमशः आली, २००८ मध्ये पुस्तकरूपात. केन लिऊ यांचा इंग्रजी अनुवाद २०१४ चा. पुढच्या वर्षी तिला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, अनुवादित कादंबरीला पहिल्यांदाच. इंग्रजीत सुरुवात होते १९६७ च्या सांस्कृतिक क्रांतीनं: भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला भर सभेत जीव जाईपर्यंत मारतात आणि त्याची मुलगी खाली उभी राहून ते बघते. चिनी पुस्तकात हा भाग बराच आत होता. इंग्रजीत तो पुढं आणला आणि ते बरं झालं, कारण सगळ्या कादंबरीतली सर्वांत जिवंत पानं तीच आहेत. पण पुढं कथा आजच्या काळात येते आणि नॅनो-पदार्थांवर काम करणारा वांग म्याओ एकेका शास्त्रज्ञाकडं जाऊन माहिती ऐकत फिरतो. तिथं आमची मंडळी गळाली. बाप मारला गेल्यावर मुलगी पुढं काय करते याची ओढ लागलेली असते आणि लेखक आपल्याला दुसऱ्याच माणसाबरोबर फिरवतो.

उपाय पोरानंच काढला. म्हणाला, वाचू नका, मी एक प्रकरण करून दाखवतो. कादंबरीत एक खेळ आहे. त्यात चीनचा पहिला सम्राट तीन कोटी सैनिक मैदानात उभे करतो, प्रत्येकाच्या हातात काळं-पांढरं निशाण, आणि त्या सैन्याचा मिळून संगणक होतो. पोरानं काका आणि सिस्टरना पुढं उभं केलं, गुरुजींना मागं. हातात हिशोबाचा पांढरा कागद आणि काळी कॅरीबॅग. दोघांनी पांढरं वर केलं तरच गुरुजींनी पांढरं वर करायचं, नाहीतर काळं. मग नियम बदलला: दोघांपैकी एकानं केलं तरी पुरे. हे कोट्यवधी वेळा झालं की गणित सुटतं, एवढंच त्यानं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "चाळीस वर्षं शिकवलं, पण संगणक आत काय करतो ते आज कळलं." त्यानंतर सिस्टर पुस्तक परत घरी घेऊन गेल्या.

माझं मत: कल्पना अफाट, माणसं पातळ. अपवाद शि च्यांग हा पोलीस. सिगारेटी ओढत सगळ्यांना टोचून बोलणारा. कादंबरीतले पृथ्वीकडं निघालेले परग्रहवाले माणसांना किडे म्हणतात. त्यानं खचलेल्या दोघा शास्त्रज्ञांना तो टोळधाड पडलेल्या शेतावर नेतो आणि विचारतो, इतकी औषधं मारून या किड्यांना कुणी संपवलं का? शेतात उभा राहून बोलणारा असा माणूस आणखी दोन-तीन ठिकाणी असता तर हे पुस्तक मी कुणालाही डोळे झाकून दिलं असतं. गटाची सुरुवात या पुस्तकानं करू नका, एवढं नक्की. चौथं-पाचवं असेल तर चालेल.

बैठकीची पद्धत आजपासून बदलली. पुस्तकाचे भाग पाडायचे, एकेकानं एकेक भाग घरी वाचायचा आणि बैठकीत मराठीतून सांगायचा. मूळ पानं समोर ठेवायची. फोनवर यंत्रानं केलेला अनुवाद वाचून बघितला; पोलिसाचं बोलणं सरकारी परिपत्रकासारखं झालं, ते बंद केलं. सांगणं फक्त तोंडी. अनुवाद लिहून कागद वाटायचे नाहीत, लेखक-अनुवादकांच्या हक्काचा प्रश्न आहे.

३ ऑगस्ट

'सोलारिस'. स्तानिस्लाव लेम यांची १९६१ ची पोलिश कादंबरी.

इथं अडचण वेगळीच आली. पुण्याहून आलेली जुनी कागदी प्रत किल्मार्टिन-कॉक्स यांच्या अनुवादाची, १९७० ची. तो अनुवाद पोलिशवरून झालेला नाही, फ्रेंच अनुवादावरून झालाय. पोरानं फोनवर घेतलं ते बिल जॉन्स्टन यांचं, २०११ चं, थेट पोलिशवरून. दोन्हींत पात्रांची नावंच वेगळी. नायकाची मेलेली बायको एकीकडं ऱ्हेया, दुसरीकडं हेरी. अंतराळ स्थानकातला सहकारी एकीकडं स्नो, दुसरीकडं स्नाउट. अर्धा तास आम्हाला वाटत राहिलं की पोरगा दुसऱ्याच पुस्तकाबद्दल बोलतोय. अनुवादित पुस्तक गटात घेताना अनुवादकाचं नाव आधी कळवा, सगळ्यांकडं एकच आवृत्ती असू द्या. जॉन्स्टन यांचा अनुवाद ई-बुक म्हणून मिळतो. काही उतारे शेजारी ठेवून वाचले, तो स्वच्छ आहे. घ्यायचा तर तोच घ्या.

पुस्तकाबद्दल: एक ग्रह, त्यावर एकच समुद्र, आणि तो समुद्र सजीव आहे. वर तरंगणाऱ्या स्थानकात तीन माणसं. समुद्र त्यांच्या मनातून त्यांची मेलेली, टाकलेली, लपवलेली माणसं काढून समोर आणून उभी करतो. काकांचा प्रश्न इथं लागू होईल असं वाटलं नव्हतं. स्थानकात ना बाजार ना दुकान. पण लागू झाला. लेम पानंच्या पानं त्या समुद्राचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या इतिहासाला देतो: कोणते पंथ निघाले, कुणी कुणाला खोडलं, कुणाची हयात एका चुकीच्या सिद्धांतात गेली, निधी कधी आटला. पिढ्यांमागून पिढ्यांनी पोट भरलं त्या समुद्रावर, आणि समुद्र कुणालाही कळला नाही. बऱ्याच वाचकांना ही ग्रंथालयाची प्रकरणं कंटाळवाणी वाटतात, सिस्टरनाही वाटली. मला तीच सर्वांत हलवून गेली. एवढी विद्वत्ता, एवढे खंड, आणि खाली तो समुद्र आपल्याच नादात आकार घडवतोय, मोडतोय.

सिस्टरच्या मनाला हेरी लागली. आपण खरी नाही हे तिला हळूहळू उमजत जातं आणि तरीही तिचं प्रेम खरं असतं. त्या म्हणाल्या, "आयसीयूत शुद्धीवर आलेलं माणूस असंच बघतं बघा. मी कोण, इथं कशाला, आणि तुम्ही सगळे मला घाबरलाय का?" यावर कुणाला काही जोडावंसं वाटलं नाही.

आजपर्यंतचं सर्वांत चांगलं पुस्तक. माझ्या मते वर्षाचंही.

२० ऑगस्ट

कोयनेतून विसर्ग वाढवल्याच्या बातम्या, त्यामुळे रविवारची बैठक रद्द. पेठेत कुणी सल्ल्याची वाट बघत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची. आकडा तिशीच्या पुढं सरकला की खालचा माल वर जायला लागतो. आमच्या माळ्यावर आता बिस्किटांचे खोके, साबणाच्या पेट्या आणि मध्ये आमचं पुस्तकांचं कपाट. खालच्या भिंतीवर मित्रानं २०१९ च्या पाण्याची रेघ ऑइलपेंटनं मारून ठेवलीय, माझ्या डोक्याच्याही वर. त्या वर्षी पाणी पुलाजवळ सत्तावन्न फुटांवर गेलं होतं.

१४ सप्टेंबर

गणपती झाले. 'द मेमरी पोलीस'वर बैठक. योको ओगावा, मूळ जपानी १९९४, स्टीफन स्नायडर यांचा इंग्रजी अनुवाद २०१९, पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत.

हे पुस्तक इथं सगळ्यांनी संपवलं. काकांनीसुद्धा, मुलीकडून रोज रात्री ऐकून.

एका बेटावरून वस्तू नाहीशा होतात. एक दिवस पक्षी, एक दिवस गुलाब, एक दिवस छायाचित्रं. वस्तू तर जातेच, तिची आठवणही जाते. ज्यांना आठवत राहतं त्यांना स्मृतिपोलीस उचलून नेतात. कारण काय, हे ओगावा सांगत नाही. पोराला ते खटकलं. मला वाटतं, सांगितलं असतं तर पुस्तक बिघडलं असतं. कारण कळलं की वाचक त्याच्याशी भांडत बसतो, आणि माणसं काय करतात याकडं बघायचं राहून जातं.

आणि माणसं काय करतात हे ओगावानं काय लिहिलंय! सुरुवातीलाच चार ओळी आहेत. टोप्या नाहीशा झाल्या, समोरचा टोपीवाला छत्र्या करायला लागला. फेरीबोट गेली, तिच्यावरचा मेकॅनिक गोदामाचा राखणदार झाला. कुणी आरडाओरड करत नाही. मित्रानं त्या ओळी परत वाचायला लावल्या. "हे असंच असतंय," म्हणाला. २०१९ नंतर शेजारच्या गाळ्यातल्यानं कापडाचं दुकान बंद करून मोबाइलची कव्हरं विकायला सुरुवात केली आणि वर्षभरानं तिथं कापड होतं हे गिऱ्हाइकांना आठवेनासं झालं. सहा वर्षांत मित्र पुराबद्दल इतकं कधी बोलला नव्हता. गाळ काढायला किती दिवस लागले, ओल्या साखरेचा वास कसा होता, पंचनाम्याच्या रांगेत कोण पुढं घुसलं, सगळं आलं.

पुढं बेटावरून कादंबऱ्याच नाहीशा होतात. लोक आपापली पुस्तकं आणून जाळतात, ग्रंथालय पेटतं. निवेदिका स्वतः कादंबरीकार, ती टायपिस्टची नोकरी धरते. इथं गुरुजींनी चष्मा काढला. पुरात या शहरातल्या वाचनालयांची पुस्तकं भिजून त्यांचा लगदा झाला, तो ट्रॉलीत भरताना त्यांनी बघितलाय. ओगावाच्या पुस्तकात जाळणारे लोक दुष्ट नाहीत, त्यांना हातातली वस्तू काय आहे हेच कळेनासं झालंय. गुरुजींना भीती वाटली ती याचीच. पाण्यानं गेलेलं पुस्तक परत आणता येतं, वाचणाराच गेला तर कोण आणणार, असं ते म्हणाले.

शेवटाबद्दल मतभेद राहिला. नंतर नंतर माणसांच्या शरीराचे अवयव नाहीसे होऊ लागतात. काकांना ते ओढूनताणून वाटलं. मला ते अटळ वाटलं: एकदा 'गेलं ते गेलं, चालतंय' म्हणायची सवय लागली की ती पायापर्यंत येणारच.

तासगाव-विट्याच्या मंडळींनो, याच पुस्तकानं सुरुवात करा. इंग्रजी सोपं, प्रकरणं लहान, आणि तोंडी सांगायला फार चांगलं. नवी प्रत पाचशेच्या आसपास.

५ ऑक्टोबर

२४ सप्टेंबरला कन्नड कादंबरीकार भैरप्पा गेले. ठरलेलं पुस्तक बाजूला ठेवून 'पर्व' घेतलं. गुरुजींकडं कन्नड, आमच्याकडं उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद. जाडजूड पुस्तक असल्यानं निवडक प्रकरणंच घेतली.

ही विज्ञानकथा कुठली, असं पोरानं विचारलं. माझ्या दृष्टीनं बसते. भैरप्पांनी एकच 'जर' घेतला: महाभारतात चमत्कार नसते तर? शाप, वर, दिव्यास्त्रं काढून टाकली आणि काय उरतं ते शेवटपर्यंत बघितलं. उरतात थकलेली माणसं, नातीच्या लग्नाच्या शुल्काची काळजी करणारा म्हातारा शल्य, आणि रणभूमीवर लाखोंच्या अन्नाचा, घाणीचा, वासाचा प्रश्न. काकांना पहिल्यांदाच त्यांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळालं. सैन्याला धान्य कुठून येतं हे विचारणारा कादंबरीकार त्यांना फार पटला.

गुरुजींनी कन्नडमधला एक परिच्छेद वाचला, मग आम्ही तोच मराठीतून. सीमाभागात राहण्याचा हा फायदा आपण वापरत नाही. तुमच्या गटात कन्नड येणारं कुणी असेल तर महिन्यातून एकदा असं वाचन ठेवाच, खर्च शून्य.

अनुवादाबद्दल एवढंच: मराठी वाचताना आपण अनुवाद वाचतोय हे तास-तासभर लक्षात राहत नाही. हे काम इतकी वर्षं कुणीतरी शांतपणे करत राहिलं म्हणून मराठी वाचकाला भैरप्पा आपलेच वाटतात.

२ नोव्हेंबर

'वॉर विथ द न्यूट्स'. कारेल चापेक, चेक, १९३६. 'रोबोट' हा शब्द जगाला ज्याच्या नाटकातून मिळाला तोच हा लेखक. प्रत जुनी, ईवाल्ड ओसर्स यांचा अनुवाद.

आधी अडचण. या पुस्तकात वर्तमानपत्रांची कात्रणं, अहवाल, इतिवृत्तं, तळटीपा यांचा खच आहे. ई-बुकच्या ज्या फुकट प्रती फिरतात त्यांत तळटीपा भलतीकडंच जातात, पोराचे दोन दिवस त्यात गेले. कागदी प्रतच घ्या.

एक म्हातारा कप्तान समुद्रात हुशार सॅलमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे उभयचर शोधतो; पुस्तकात त्यांनाच न्यूट म्हटलंय. त्यांना शार्कपासून बचावासाठी सुऱ्या देतो, बदल्यात ते मोती आणून देतात. कप्तान मरतो आणि धंदेवाल्यांची कंपनी उभी राहते. न्यूट पाण्याखाली बंधारे बांधतात, किनारे भरून देतात, लाखोंनी विकले जातात. चापेकनं बाजारभावच छापलाय: मुकादम दर्जाचे, अवजड कामाचे, टोळीत राबणारे, किरकोळ कामाचे, टाकाऊ, आणि अंडी-पिल्लं. काकांनी ते पान हातात घेतलं आणि सौद्यात पुकारतात तसं वाचलं, राजापुरी, गट्टा, कणी या हळदीच्या प्रतींच्या चालीवर. सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली. 'टाकाऊ'पाशी आल्यावर काकांचा आवाज बसला. ते म्हणाले, "प्रतवारी केली की मालच दिसतो. जीव दिसत नाही." चाळीस वर्षं आडत केलेल्या माणसाचं हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवतोय.

पुढं न्यूटांना जागा कमी पडते. त्यांना उथळ किनारे हवेत, म्हणून ते जमीनच खणून बुडवायला लागतात. आणि माणसं? त्यांना स्फोटकं, अवजारं, धान्य विकत राहतात, कारण सौदा झालेला आहे. इतकं नेमकं मी कुठल्याही विज्ञानकथेत वाचलेलं नाही. यात खलनायक कुणीच नाही, प्रत्येकजण आपापलं दुकान चालवतोय. पोवोन्द्रा नावाचा एक द्वारपाल आहे. त्यानं कप्तानाला मालकाच्या दारात सोडलं, एवढाच त्याचा इतिहासात वाटा. म्हातारपणी तो व्हल्तावा नदीत मासे धरत बसलाय आणि प्रागमध्ये, समुद्रापासून इतक्या आत, पाण्यातून एक डोकं वर येतं. नदीकाठच्या गावात हे पान वाचणं सोपं नाही.

पुस्तक मधे लांबतं, अहवालांची काही पानं सरळ गाळली तरी चालतील. तरीही 'सोलारिस'खालोखाल हेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुद्दाम आज सुरू केलं. सोल्वाय बाले या डॅनिश लेखिकेचं 'ऑन द कॅल्क्युलेशन ऑफ व्हॉल्यूम', पहिला खंड, अनुवाद बार्बरा हॅवलंड. यंदाच्या आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत होतं. पुरस्कार बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'ला गेला, म्हणजे आपल्या शेजारच्या कन्नडला. नायिका तारा जुन्या पुस्तकांची व्यापारी आहे आणि ती १८ नोव्हेंबर या एकाच दिवसात अडकलीय. रोज उठली की १८ नोव्हेंबर.

७ डिसेंबर

बालेवर बैठक. माझी अपेक्षा होती की कंटाळा येईल: एकच दिवस, घटना जवळजवळ नाहीत. पण मित्राला हे पुस्तक सर्वांत जास्त आवडलं आणि कारण ऐकण्यासारखं आहे.

जगासाठी तोच दिवस रोज पुन्हा नव्यानं सुरू होतो. ताराच्या हातावरचा भाजल्याचा डाग मात्र भरत जातो, म्हणजे तिचं वय पुढं चाललंय. आणि तिनं दुकानातून उचललेला माल दुसऱ्या सकाळी परत भरलेला नसतो. फळी रिकामी होत जाते. आपण आपलं जग खाऊन संपवतोय हे तिला कळतं. मित्र म्हणाला, काळाच्या गोष्टी पुष्कळ बघितल्या सिनेमात, पण फळीकडं बघणारी ही पहिली बाई. होलसेलवाल्याला महिन्याचा माल कुठं मुरतो हे कळतं, त्यालाच हे पुस्तक असं वाचता येतं.

सिस्टरना तारा आणि तिचा नवरा यांच्यातलं अंतर जास्त लागलं. ती रोज त्याला सगळं समजावून सांगते, तो विश्वास ठेवतो, रात्र जाते आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. शेवटी ती सांगणंच सोडून देते आणि त्याच घरातल्या एका खोलीत लपून, त्याच्या पावलांचे आवाज ऐकत राहते. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटांची घरं सिस्टरनी बघितलीत. त्यांनी दोन घरांबद्दल सांगितलं, ते इथं लिहीत नाही.

पोराला मात्र खंड अपुरा वाटला. मालिका सात खंडांची आहे, पहिल्यात कोडं सुटत नाही. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर लोक चिडतात. आम्हाला सांगायचं राहिलं, त्यामुळे शेवटचा अर्धा तास त्या चिडण्यातच गेला.

२१ डिसेंबर

हिशोब. वर्गणीतून पुस्तकं आणि पोस्टखर्च भागला, थोडी शिल्लक आहे. नव्या प्रती महाग पडल्या, जुन्यांनी वाचवलं. सगळी पुस्तकं कपाटात वरच्या दोन फळ्यांवर, खालच्या दोन मुद्दाम रिकाम्या. पुस्तक नेणाऱ्यानं वहीत सही करायची. 'सोलारिस'ची कागदी प्रत सध्या कुणाकडं आहे ते वहीत नाही, शोध चालू आहे.

बालेचा दुसरा खंड घ्यायचा का, यावर मतं तीन-तीन पडली. काका विरोधात. मी बाजूनं. तोपर्यंत जानेवारीसाठी स्त्रुगात्स्की बंधूंची 'रोडसाइड पिकनिक' ठरली. १९७२ ची रशियन, ओलेना बोर्माशेन्को यांचा २०१२ चा अनुवाद, या वेळी सगळ्यांना आवृत्ती आधीच कळवलीय. परग्रहवाले येऊन गेलेत, मागं धोकादायक वस्तू पडल्यात, आणि गावातली माणसं त्या चोरून विकून पोट भरतात. काकांनी पहिला भाग सांगायला स्वतःहून घेतलाय. मुलगी त्यांना आजपासून वाचून दाखवतेय.